डब्यातलं पाणी

माझी भाची नऊ वर्षांची आहे. ती बोलत नाही. तिला ऑटिझम आहे हे तिच्या तिसऱ्या वर्षी कळलं. तिला पाणी ओढतं, हे आम्हाला त्याआधीच ठाऊक होतं. शेजारच्या घरात कोणी बादली भरायला लावली की ती हातातलं टाकून उठते.

ताई अकोल्यात राहते त्या भागात नळ रोज येत नाही. म्हणून प्रत्येक अंगणात जमिनीखाली टाकं आहे आणि टाक्यावर लोखंडी झाकण. मागच्या फेब्रुवारीत ताई कुकर बंद करायला आत गेली आणि बाहेर आली तेव्हा पोरगी नव्हती. चार घरं सोडून एका अंगणात ती सापडली. झाकण अर्धं सरकवलेलं, ती पालथी पडलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत टाक्यात. त्या घरच्या आजीबाई ओट्यावर गहू निवडत होत्या.

"मले वाटलं पाणी पाह्यते लेकरू," त्या म्हणाल्या. "पाहू दे म्हटलं."

त्या दिवशी ताईने दाराला वरून कडी लावून घेतली. रात्री मला अमरावतीला फोन केला. "कडी लावून किती दिवस ठेवू वं हिले? दुसऱ्याच्या लेकरायले जायले किती जागा हायेत. चित्रकला, डान्स, कराटे. हिले फक्त दवाखाना. एक तास तरी कुठं जाऊ दे ना."

मी म्हणाले, "जाईल. कशी नाही जाणार? तिचा हक्क आहे."

"हक्काचं राहू दे. तू शनिवारी ये."

मी हक्काच्याच भाषेत वाढले. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. अंगणवाडी सेविकांची, हमालांची, वस्तीतल्या बंद पडलेल्या नळांची. आमच्या घरात पाहुणे पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसत. शाळेतली गणितं मी पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर केली. बाबांचे नियम तीन: पत्रक एका पानाचं, नाव कोणाचं घ्यायचं नाही, आणि वेळ, ठिकाण, पुरावा दिल्याशिवाय आरोप करायचा नाही. हे नियम मला बाराखडीबरोबर पाठ झाले.

मार्चमधल्या शनिवारी आम्ही दोघी पोरीला घेऊन अकोल्यात फिरलो. चित्रकलेच्या वर्गात भरायला फॉर्म दिला, त्यात 'छंद' असा रकाना होता. ताईने पेन थांबवलं, मग लिहिलं, 'पाणी'. मॅडमनी ते वाचून हसून मान डोलावली. वर्गात पोरीने कागदाला हात लावला नाही. ब्रश धुवायचा मग तिने ओढून घेतला आणि तासभर त्यातला जांभळा गढूळपणा फिरताना पाहत बसली. तास संपताना तिने आपला झाला की दुसऱ्याचा, तिसऱ्याचा, असे अकरा मग रांगेत लावले होते. पुढच्या आठवड्यात मॅडमचा निरोप आला की बॅच फुल झाली.

डान्स क्लासची बाई चांगली होती, पण पोरीशी ओरडून बोलायची. "बेटा, हात वर कर! हात! वर!" ताई म्हणाली, "मॅडम, बोलत नाही ती. बहिरी नाही." स्पीकर लागला तसं पोरीने कान दाबले आणि थेट बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. दुसऱ्या आयांनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला तिथेच फाडून टाकावंसं वाटलं. मी बोललेही काहीतरी. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "तू भांडून जाशील अमरावतीले. मले याच गल्लीतून भाजी आणा लागते."

शेवटी वाट दाखवली ती स्पीच थेरपी देणाऱ्या मुलीने. ती माझ्याच वयाची होती. ताईला ती शांतपणे म्हणाली, "पाण्यापासून हिला कायम दूर ठेवणं तुम्हाला जमणार नाही, ताई. एखाद दिवस कडी राहील. पोहायला शिकवा. लवकर."

त्या 'लवकर'चा अर्थ मला लगेच कळला. कारण मी एक गोष्ट ऐकून होते. ताईचे सासरे तेल्हाऱ्याजवळ शेती करतात. तिकडे विहिरीचं पाणी खारट, म्हणून त्यांनी त्या उन्हाळ्यात मोठं शेततळं खणायला घेतलं होतं. पावसाळ्यात ते भरणार होतं. सणावाराला ताई पोरीला घेऊन तिथेच जाणार होती.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि ताईने पोरीला माहेरी, अमरावतीला, माझ्या हवाली केलं. पोहण्याच्या तलावावर उन्हाळी शिबिराची गर्दी होती. व्यवस्थापकांनी फॉर्म माझ्याकडून घेतला, वाचला, परत केला. नियमावलीत एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं: प्रशिक्षणार्थीने हाक मारल्यावर उत्तर दिले पाहिजे.

"ती उत्तर देणार नाही," मी म्हणाले.

"मग झालं ना मॅडम. पाण्याखाली गेली तर आम्हाला कळणार कसं?"

"पाण्याखाली कोणतं मूल ओरडतं?"

"जबाबदारी कोण घेणार ते सांगा."

मी कायदा सांगितला, संविधान सांगितलं, आवाज चढवला. रांगेतले पालक मागून म्हणाले, "ओ ताई, आमालेबी फॉर्म द्या लागते." पोरगी मात्र केव्हाच जाळीला चिकटून पाण्याकडे बघत होती. इतकी स्तब्ध मी तिला कधी पाहिलेली नव्हती.

तलावावर एक म्हातारे कर्मचारी होते. पाण्यातला कचरा जाळीने काढायचा, औषध टाकायचं, लहान पोरांवर नजर ठेवायची, ही त्यांची कामं. सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा ते हात पुसत मागून आले.

"बेटा, दोन वाजता येजा. तवा तलाव साफ करासाठी बंद राह्यते. मागच्या फाटकातून. अन् कोणाले बोलू नका."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चाचांनी खाद्यतेलाचा पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा डबा आणला होता, त्याला नवारीचा पट्टा ओवलेला. गावाकडे पोरं विहिरीत अशीच शिकतात, डबा पाठीला बांधून. पण पाण्यात उतरवायच्या आधी चाचांनी आठ दिवस घालवले. रोज तेच. चपला काढून जोडीने ठेवायच्या. काठावर पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं. दोन्ही हात बाजूला वर धरायचे. चाचा मागून डबा बांधणार, गाठ मारणार, मग खांद्यावर दोन थापा देणार. थापा मिळाल्या की पाणी. त्याआधी ती सुटून पुढे गेली की तिला उचलून परत चपलांपाशी. ती किंचाळायची, त्यांच्या हाताला चावायची. ते पुन्हा चपलांपाशी नेऊन उभी करायचे.

मी विचारलं, "चाचा, पोहायला कधी शिकवणार?"

"हेच तर शिकवून राहिलो. ज्याले आवाज देता येत नाई, त्याले थांबता आलं पाह्यजे. हातपाय तं कुत्र्याचं पिल्लूबी मारते."

नवव्या दिवशी ती थांबली. दोन थापा मिळाल्या आणि ती पाण्यात गेली. डब्याने तिला वर धरलं. कान पाण्यात बुडाले तसा तिचा सगळा चेहरा सैल पडला. नऊ वर्षांत तो चेहरा आम्ही पाहिला नव्हता.

मग चाचांची खरी युक्ती मला दिसली. दर तीन-चार दिवसांनी, पोरगी येण्याआधी, ते डब्यात एक मग पाणी ओतायचे आणि झाकण घट्ट लावायचे. डबा तोच, पट्टा तोच, पण वर धरण्याची त्याची ताकद तेवढी कमी. उरलेलं काम पोरीचे हातपाय न कळत उचलायचे.

"डबा पूर्ण भरला का समजा शिकली," चाचा म्हणाले. "मंग डबा काढला काय, नाई काढला काय."

मेच्या मध्यात ताई आली. मागच्या फाटकातून वाकून आत शिरली, काठावर उकिडवी बसली आणि पोरीला पाहत राहिली. मग म्हणाली, "माय वं. हे तं बदक झालं." आणि पदराने डोळे न पुसता नाक पुसलं.

मला मात्र ते मागचं फाटक सलत होतं. समोरच्या फाटकातून टोप्या-चष्मे घालून पोरं येतात आणि आमची पोरगी कचऱ्याच्या ड्रमांशेजारून, चोरासारखी. असं आत जाणं म्हणजे नियम मान्य करणंच, असं मला वाटत होतं. आणि आमच्यासारख्या दुसऱ्या आयांचं काय? त्यांना कोणता चाचा भेटणार?

मी पत्रक लिहिलं. 'पाण्यावर हक्क कोणाचा?' एक पान. कोणाचं नाव नाही. वेळ, ठिकाण आणि पुरावा. पुरावा असा: ज्या मुलीला नियमावली नाकारते, तिलाच याच तलावावर एक वयस्क कर्मचारी दुपारी दोन ते तीन या वेळात पोहायला शिकवत आहेत, आणि ती शिकते आहे. मग अशक्य काय होतं?

बाबांनी प्रूफ वाचलं. चष्मा वर करून त्या वाक्यावर थांबले. "हे काहून टाकलं?"

"पुरावा आहे."

"हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पुरावा तं पाह्यजेच," आणि छापायला दिलं.

चाचांनी एकच गोष्ट मागितली होती: कोणाला बोलू नका. ती मला आठवत नव्हती असं नाही. ती भीती आहे आणि पत्रकाने भीती मोडते, असं मला वाटलं.

संध्याकाळी चौकात मी आणि दोन मैत्रिणींनी पत्रकं वाटली. लोकांनी घेतली, वाचली. रात्रीपर्यंत ती कोणाकोणाच्या ग्रुपवर फिरली. मला शाबासकीचे फोन आले. एका पुढाऱ्याच्या माणसाने विचारलं, साहेबांना पोरीबरोबर फोटो काढता येईल का. तिसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही गेलो तर मागच्या फाटकाला नवीन कुलूप होतं. समोर जाऊन विचारलं. व्यवस्थापक थंडपणे म्हणाले, "तुमच्यामुळे कळलं आम्हाला. विनापरवाना एका मुलीला पाण्यात उतरवत होते. काही झालं असतं तर?" चाचांना पाण्यावरून काढून फाटकावर बसवलं होतं. ते वहीत डोकं घालून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

डबा आमच्या घरी होता. आदल्या रविवारी पट्टा शिवायला मीच तो आणला होता. पाणी बरोबर मध्यावर.

पुढचे बारा दिवस रोज पावणेदोनला पोरगी डबा पट्ट्याला धरून ओढत दारापाशी आणून ठेवायची आणि दाराकडे तोंड करून उभी राहायची. तिला घड्याळ कळत नाही असं आम्ही समजत होतो. मी तिला खूप समजावलं. माझ्याकडे शब्दच होते आणि तिला शब्दांचा उपयोग नव्हता. तेराव्या दिवशी ताई तिला अकोल्याला घेऊन गेली. त्या दिवसांत दुसरा तलावही आम्ही शोधला होता. सगळीकडे तोच फॉर्म, आणि आता पत्रकामुळे आमचं तोंड ओळखणारे लोक.

शेततळं ऑगस्टच्या अखेरीस भरलं. सासऱ्यांनी जलपूजन ठेवलं. ताईने मला बोलावलं. "दोन डोळे माह्ये, दोन तुये. यायचंच."

ते तळं मी आधी फोटोत पाहिलं होतं. काठावर उभं राहिल्यावर ते खरं दिसलं. चारही बाजूंनी काळं प्लास्टिक अंथरलेलं, उतार तेलकट चकाकणारा, कुठे दगड नाही, पायरी नाही, धरायला गवताची काडी नाही. आत गेलेल्या माणसाला बाहेर यायचं ठरवलं तरी येता येणार नाही. कुंपण नव्हतं. काठावरून आत दोर सोडायला हवे होते, तेही नव्हते. पाणी मात्र सुंदर होतं. निळं, गुळगुळीत.

बायका ओटी घेऊन जमल्या. नारळ फुटला, एक नारळ पाण्यात सोडला. डफडं वाजायला लागलं. पोरीने कान दाबले. ताई पूजेला बसलेली, म्हणून पोरीचा हात माझ्या हातात होता. मी सासऱ्यांना म्हणाले, "मामाजी, कुंपण कधी करणार?"

"होईन ना. दिवाळीनंतर करू."

"दिवाळीनंतर? घरात लेकरू आहे."

"लेकरू तिकडं घरी राह्यते ना वं. इथं कोण येते?"

"आज आलंय ना!"

कोणीतरी हसलं. "पत्रक काढते काय आता मामाजीवर?" मी त्या माणसाकडे वळले. मी त्याला काय म्हणाले ते मला शब्दनशब्द आठवतं, आणि बरोबरच म्हणाले होते. बोलताना मी दोन्ही हात वापरते. घरातली सवय आहे.

मग मला चपला दिसल्या.

वीस पावलांवर, काठावर, जोडीने ठेवलेल्या लहान चपला. त्यांच्यापुढे, जिथून काळं प्लास्टिक खाली उतरायला लागतं तिथे, पोरगी उभी होती. तोंड पाण्याकडे. पाठ आमच्याकडे. दोन्ही हात बाजूला वर धरलेले.

ती डबा बांधून मिळायची वाट बघत होती.

ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मी ओरडले नाही. ओरडून ती थांबणार नव्हती, दचकून पुढे मात्र गेली असती. मी चालत गेले. डफडं वाजत होतं. अर्ध्या वाटेत तिचे हात हळूहळू खाली यायला लागले. डावा आधी. मग उजवा. मी ओढणी काढली. तिच्या मागे उभी राहून ती तिच्या पोटावरून घेतली आणि पाठीवर गाठ मारली, चाचा मारायचे तशी. हात पुन्हा वर आले. ती खांद्यावरच्या थापांसाठी थांबली. तिच्या मानेवर घाम होता आणि ती जराही हलत नव्हती.

मी थापा दिल्या नाहीत. ओढणी दोन्ही मुठींत धरून मी तिला मागे खेचलं.

ती घरापर्यंत किंचाळत राहिली. तिच्या चाव्याचा वण अजून माझ्या मनगटावर आहे. बायका म्हणाल्या, "पाहा, किती शहाण्यावाणी उभी होती, अन् मावशीनं ओढलं." ताईने मात्र त्या चपला पाहिल्या होत्या.

मी अमरावतीला परतले आणि तलावावर गेले. चाचा फाटकावर होते. मी माफी मागितली. त्यांनी वही बंद केली.

"पत्रक मस्त लिहिलं होतं. माह्या सुनेनं वाचून दाखवलं. घरात सगळे म्हणले, अब्बा, तुमचं नाव नाई पण तुमीच हा." मग विचारलं, "डबा किती भरला होता?"

"अर्धा."

"म्हणजे अर्धी शिकली. हे खराब झालं, बेटा. न शिकलेलं लेकरू पाण्याले कधी तं भेते. अर्धं शिकलेलं भेत नाई."

मी तेल्हाऱ्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. हात कधी खाली आले, हे दोनदा विचारलं.

"तुमाले येते पोहता?"

"नाही."

त्यांनी खिडकीतून एक फॉर्म बाहेर सरकवला. महिलांची बॅच, सकाळी सहा ते सात. त्यावर तीच नियमावली होती, तीच ओळ. मी सही केली.

त्याला आता सात आठवडे झाले. मी अजून काठाचा पाइप धरून पाय मारते. तोंड पाण्यात घातलं की छाती आवळते आणि मी उभी राहते. शिकवणारी बाई ओरडते, "सोडा पाइप!" आणि मी तिला उत्तर देते, नियमाप्रमाणे.

तिकडे अकोल्यात पोरगी बाथरूममधल्या टाकीसमोर रोज उभी राहते, चपला जोडीने काढून, हात वर धरून. तिथे तिच्या मागे कोणी येत नाही. ताई दाराआडून आकडे मोजते, हात खाली येईपर्यंत, आणि मला फोनवर सांगते. सप्टेंबरात ती तीसपर्यंत थांबायची. दसऱ्याला वीस. कुंपणाचं सामान अजून आलेलं नाही आणि दिवाळीला सगळे तेल्हाऱ्याला जाणार आहेत.

काल बारा.